इंजेक्शनच्या दोन रेघा

गेल्या श्रावणात मी आमच्या गल्लीत दोन किलो पेढे वाटले. ही नको म्हणत होती. तीन महिने होऊ द्या, मग सांगू, असं तिचं म्हणणं. मी ऐकलं नाही. लग्नाला साडेपाच वर्षं झालेली, आईचे टोमणे रोजचे, आणि हातात गर्भचाचणीची पट्टी, तिच्यावर दोन गुलाबी रेघा. सव्वा महिन्यानं तेच शेजारी दारात येऊन "काय झालं हो एकाएकी?" विचारू लागले, तेव्हा काय सांगावं ते सुचेना. आज सांगू शकतो. काही झालंच नव्हतं. त्या रेघा इंजेक्शननं आणल्या होत्या.

मी इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये सुपरवायझर आहे. सुताला खळ लावायची आणि वाफेनं तापलेल्या रुळांवरून वाळवून बीम भरायचे, हे काम. पाळी बारा तासांची. आत काय धग असते ते तिथं उभा राहिलेल्यालाच ठाऊक. तोंडात मावा, तोही दिवसाला पाच-सहा पुड्या. हे सगळं सांगतोय कारण पुढं त्याचा संबंध येणार आहे, आणि साडेपाच वर्षांत त्याबद्दल मला एकानंही विचारलं नव्हतं.

विचारायचं ते सगळं हिला. पाळी वेळेवर येते का, पोटात दुखतं का, लहानपणी क्षय झालेला का. हिच्या दोनदा सोनोग्राफ्या झाल्या, थायरॉईडची तपासणी झाली. मधे कुणीतरी सांगितलं म्हणून एका वैद्याकडं गेलो. त्याच्या भिंतीवर बाळांच्या फोटोंची रांग आणि खाली मोठ्या अक्षरात 'हमखास संतती'. नऊ हजारांची चूर्णं घेतली. १९५४ सालच्या औषधी जाहिरातींच्या कायद्यात ज्या आजारांवर औषधाची जाहिरातच करता येत नाही अशी यादी आहे आणि तिच्यात बायकांचं वंध्यत्व आहे, हे फार उशिरा समजलं. म्हणजे ती पाटीच बेकायदा होती. असो, ते नऊ हजार गेले त्याचं आता काही वाटत नाही. पुढं जे गेलं त्याच्यापुढं ती चिल्लर.

एके रविवारी मंगल कार्यालयात 'मोफत वंध्यत्व निवारण शिबिर' लागलं. मोठ्या शहरातल्या सेंटरचं. रिक्षातून भोंगा फिरला, बायकांच्या भिशीत चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. तपासणी फुकट, सोनोग्राफी फुकट, एएमएच, म्हणजे बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी, निम्म्या दरात. माझाही नमुना घेतला. मग आम्हाला एका मॅडमसमोर बसवलं. डॉक्टर पाच मिनिटं, मॅडम पाऊण तास. त्या कौन्सेलर. आज मी त्यांना सेल्सवाल्या म्हणतो. गोड बोलणं, हिच्या हातावर हात, आईंना "काकू, पुढच्या वर्षी बारशाला बोलवा" असं आर्जव.

त्या म्हणाल्या, "मॅडमचं एएमएच कमी आहे, बीजं संपत चालली आहेत, वेळ घालवू नका." मी भीतभीतच विचारलं, "आणि माझं?" त्या हसल्या. "तुमचं ठीक आहे सर. थोडं इकडंतिकडं, त्याला गोळ्या देऊ."

इथं मला थांबायलाच हवं. त्या वाक्यावर मी सुस्कारा सोडला होता. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. रिपोर्ट दाखवा म्हणालो नाही. आई शेजारीच होती, तिनंही ऐकलं, घरी येऊन चार जणींना सांगितलं. त्या मॅडमनी लाखभर रुपये घ्यायच्या आधी मला पुरुषपणाचं एक सर्टिफिकेट फुकट दिलं. मी ते घेतलं, आणि त्याची किंमत हिनं मोजली.

पॅकेज होतं एक लाख पस्तीस हजारांचं. तीन सायकल, 'यशाची हमी, नाहीतर पैसे परत'. चाळीस हजार रोख, बाकीचं तिथंच बसलेल्या फायनान्सवाल्यानं हप्त्यांवर करून दिलं. हिच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण गेल्या. आठ पानांचा करार आम्ही मोबाईलच्या उजेडात सही करून दिला, कारण कार्यालयातले लाईट गेले होते. सहाव्या पानावर लिहिलं होतं की यश म्हणजे 'गर्भधारणा चाचणी पॉझिटिव्ह येणे'. बाळ नाही, ठोका नाही, सोनोग्राफीही नाही. चाचणी. ते वाक्य मी वकिलाच्या ऑफिसात पहिल्यांदा वाचलं.

उपचार म्हणजे आययूआय. पुरुषाचं वीर्य धुऊन बारीक नळीनं गर्भाशयात सोडतात. इतर ठिकाणी त्याला काही हजार लागतात, हेही नंतर कळलं. बीज फुटायला एक इंजेक्शन दिलं, आययूआय झालं, आणि मग सुरू झाली 'सपोर्टची इंजेक्शनं'. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक. गावातल्या नर्सकडून टोचून घ्या, रिकामी कुपी टाकून द्या. पॅकेजमध्ये 'औषधं धरून' असं होतं, पण ही इंजेक्शनं त्यात धरलेली नव्हती. बारा-तेरा हजार वेगळे. चौदाव्या दिवशी त्यांच्याच लॅबमध्ये रक्त दिलं, घरी पट्टीवर बघितलं, दोन रेघा. मॅडमचा फोन आला, "अभिनंदन! इंजेक्शनं चालूच ठेवा हं." पाळीही आली नाही. यायची कशी? इंजेक्शनं आणि गोळ्याच तिला थांबवून धरत होत्या.

सहा आठवड्यांनी सोनोग्राफी झाली तेव्हा पडद्याकडं बघून डॉक्टर गप्प. मग म्हणाले, "सॅक, म्हणजे गर्भाची पिशवी, दिसत नाही. केमिकल प्रेग्नन्सी होती, चाचणीत दिसली आणि पुढं वाढली नाही. निसर्गाची मर्जी." इंजेक्शनं बंद झाली, आठवड्यात रक्त गेलं. ही चार दिवस जेवली नाही. आईनं देवीला बोललेला नवस तसाच राहिला म्हणून हिच्यावरच आगपाखड केली, मी गप्प बसलो. पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन. "बघा, गर्भ राहतो हे सिद्ध झालं. आता थेट आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी करू, दोन लाख चाळीस हजार, जुन्या पेशंटला सवलत." पहिल्या पैशांचं काय? तर हमी पूर्ण झाली होती. टेस्ट पॉझिटिव्ह आली होती ना!

मी ते पैसेही उभे करायला निघालो होतो. वाचवलं ते मेव्हण्यानं. त्याचं जयसिंगपुरात मेडिकल आहे. बहिणीला बघायला आला, आणि फ्रिजच्या दारात उरलेली एक कुपी त्याच्या हाताला लागली. बराच वेळ ती उलटसुलट करत होता. मग मला बाहेर घेऊन गेला. "दाजी, ही इंजेक्शनं टेस्टच्या दिवसापर्यंत देत होते?" मी हो म्हणालो. "दाजी, हे एचसीजी आहे. पट्टी हेच शोधते."

ही गोष्ट प्रत्येक जोडप्यानं नीट समजून घ्यावी, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गर्भ गर्भाशयाला चिकटला की एचसीजी नावाचं हार्मोन तयार होतं. लघवीची पट्टी असो की रक्ताची बीटा एचसीजी, दोन्ही त्याचाच माग काढतात. हेच हार्मोन इंजेक्शन म्हणूनही मिळतं आणि बीज पक्व होऊन फुटावं म्हणून चांगले डॉक्टरही ते देतात. त्यात गैर काही नाही. पण ते टोचल्यावर दहा ते चौदा दिवसांपर्यंत अंगात राहू शकतं, आणि तेवढ्या काळात पट्टीला ते बाळाचं की सुईचं हे ओळखता येत नाही. आम्हाला तर चार दिवसांपूर्वीच टोचलेलं होतं. खरं बघायचं तर शेवटच्या एचसीजी इंजेक्शननंतर चौदा दिवस थांबायचं, बाहेरच्या लॅबमध्ये बीटा एचसीजी करायचं, आणि ४८ तासांनी परत. सुरुवातीचा निकोप गर्भ असेल तर आकडा झपाट्यानं चढतो, साधारण दुपटीकडं जातो. सुईचा असेल तर उतरतो.

युक्ती जुनी आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात सेसिल जेकबसन नावाचा डॉक्टर हेच करायचा. एचसीजी टोचून बायकांना गरोदर असल्याचं सांगायचं आणि काही आठवड्यांनी गर्भ विरघळला म्हणायचं. १९९२ साली कोर्टानं त्याला दोषी ठरवलं. हे वाचलं त्या रात्री झोप लागली नाही. कारण आमचं सेंटर म्हणतं की ती इंजेक्शनं 'ल्यूटियल सपोर्ट', म्हणजे बीज फुटल्यावर गर्भ टिकायला आधार, म्हणून होती, काही डॉक्टर तशी देतातही, आणि मनात काय होतं हे सिद्ध करणं कठीण आहे, असं आमचे वकीलही सांगतात.

पण कागदावर एक गोष्ट सापडली.

सेंटर फाईल देत नव्हतं. "फाईल आमची प्रॉपर्टी असते." मेव्हण्यानं सांगितलं, वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णानं मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. रजिस्टर पोस्टानं अर्ज केला, पोचपावती ठेवली. मग फाईल आली. तिच्यात शिबिराच्या दिवशीचे दोन रिपोर्ट होते. हिचं एएमएच २.४. वय एकोणतीस. त्यात काळजी करण्यासारखं काहीही नाही. आणि तसंही एएमएच बीजांच्या साठ्याचा अंदाज देतं, ती चांगली की वाईट किंवा आपसूक दिवस राहतील की नाही हे त्यावरून ठरत नाही. दुसरा रिपोर्ट माझा. शुक्राणू एका मिलीलिटरला ४० लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. पुढं सरकणारे १२ टक्के, हवेत किमान ३०. खाली पेननं गोल करून कुणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं, 'नवऱ्याला सांगू नये.'

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एवढ्या कमी शुक्राणूंवर आययूआयची आशा फार थोडी, हेही माहीत असणारच.

ही रात्री भांडी घासत होती तेव्हा मी सांगितलं. तिनं नळ बंद केला. "साडेपाच वर्षं," एवढंच म्हणाली, आणि परत नळ सोडला. आईला मात्र मी दुसऱ्या दिवशी हिच्यासमोर रिपोर्ट वाचून दाखवला. आईनं ऐकलं, आणि "शिबिरातली माणसं चांगली बोलत होती रे" म्हणाली.

पुढं मिरजेला एका डॉक्टरांकडं गेलो. शिबिर नाही, पॅकेज नाही. त्यांनी आधी मला खुर्चीत बसवलं. म्हणाले, मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणाच्या जोडीला, म्हणून तपासणी दोघांची एकाच दिवशी सुरू व्हायला हवी. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर, आणि बाई पस्तिशीच्या पुढं असेल तर सहा महिन्यांतच. हिचं बीज वेळेवर सुटतं का ते सोनोग्राफीनं पाहिलं, प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन पाहिलं, आणि पाळीनंतर एचएसजी, म्हणजे नळ्या मोकळ्या आहेत का त्याचा एक्स-रे. आपल्याकडं क्षयानं नळ्या बंद झालेल्या बायका बऱ्याच असतात म्हणे. हिच्या मोकळ्या निघाल्या. माझी तपासणी एका रिपोर्टवर भागली नाही, काही आठवड्यांनी परत करायला लावली, शिवाय हार्मोन आणि डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त दाखवणारी सोनोग्राफी. डाव्या बाजूला व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगलेल्या. "कुठं काम करता?" सायझिंग म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवला. मग मावा विचारला.

व्हेरिकोसीलचं ऑपरेशन झालं. मालकाला सांगून मी गोदामाच्या कामावर आलो, पगार दीड हजारानं कमी. मावा सुटायला दोन महिने लागले, मधे दोनदा घसरलो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात म्हणून तीन महिन्यांच्या आत फेरतपासणी नको, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. हे नाही जमलं तर इक्सी, एका बीजात एकच शुक्राणू सोडतात ते. पण सरळ दोन लाखांच्या उपचारानं सुरुवात करायची नसते, आधी बाकीचं बघू, असं त्यांचं मत.

सेंटरविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. दोन वर्षांच्या आत द्यावी लागते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. वकिलांनी आणखी एक शोधलं. २०२१ च्या एआरटी, म्हणजे कृत्रिम गर्भधारणा उपचारांच्या कायद्याखाली सेंटरची नोंदणी पहिल्या स्तराची होती, ज्यात फक्त आययूआय करता येतं. आणि ते आम्हाला आयव्हीएफ विकत होते. नोंदणीचा कागद बघायला मागा, त्यावरचा स्तर वाचा, दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही ते केलं नव्हतं. दोन तारखा झाल्या, दोन्हीला त्यांचा वकील आलाच नाही. फायनान्सचे हप्ते मात्र दर पाच तारखेला न चुकता कापले जातात.

तीन महिन्यांनी नमुना द्यायचा होता. लॅब घरापासून जवळ, म्हणून घरूनच न्यायचं ठरलं. डबी अंगाच्या उबेत ठेवायची आणि तासाभरात पोचवायची, असं बजावलेलं. शर्टाच्या आतल्या खिशात डबी ठेवून मी सायकल मारत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म सरकवला, 'पेशंटचं नाव'. सवयीनं हिचं नाव लिहायला लागलो, एक अक्षर लिहिलंही. मग ते खोडलं.

१ कोटी १० लाख आले. डॉक्टर म्हणाले, वाट बघू. रिपोर्ट मी खिशात घालत होतो, हिनं हात पुढं केला, घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. आता सगळी फाईल तिच्याकडं असते.