जुनी डिझेल की नवी पेट्रोल ऑटोमॅटिक? सात सीटच्या दोन गाड्यांची गाऱ्हाणी शेजारी शेजारी

सांगलीत विश्रामबागेला राहणाऱ्या माझ्या मामेभावाला सात सीटची गाडी घ्यायची आहे. घरात मामा-मामी, तो, वहिनी आणि दोन पोरं. फिरून फिरून दोन गाड्यांवर येऊन थांबलाय. एक २०२१ची डिझेल, मॅन्युअल, ४८ हजार किलोमीटर चाललेली, एमएच-१० म्हणजे सांगलीचंच पासिंग. दुसरी शोरूममधली कोरी, टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लचची ऑटोमॅटिक. महिनाभर त्यानं दोन्हींच्या मालकांची गाऱ्हाणी वाचली आणि परवा रात्री फोन केला, "दादा, हे सगळं खरं असंल तर मी आपला एसटीनंच जातो."

मी साताऱ्यात राहतो. माझी स्वतःची २०२०ची डिझेल आहे आणि ऑफिसातल्या एका मित्राची ड्युअल क्लच पेट्रोल. एक रडगाणं मी गायलंय, दुसरं जवळून ऐकलंय. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण पुढचं बरंचसं त्या त्या जातीच्या सगळ्याच गाड्यांना लागू पडतं. आणि तक्रारींची संख्या मोजण्यात अर्थ नाही. जी गाडी जास्त खपते तिच्याबद्दल बोंबही जास्त.

काजळीचा दिवा

डिझेलवाल्यांच्या तक्रारीत सगळ्यात वर असतो डीपीएफचा, म्हणजे काजळी गाळणाऱ्या जाळीचा दिवा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर ही जाळी बसली. धुरातली काजळी ती अडवते. अडवलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते आणि त्यासाठी साधारण ६०० अंशांची उष्णता लागते. हायवेला गाडी तापलेली असते, त्यामुळे हे काम आपल्याला न कळता उरकतं. गावातल्या गावात गाडी तेवढी तापतच नाही. मग गाडीचा कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून जाळी तापवायला घेतो. त्याला पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं हवं असतं, आणि आपण सातव्या मिनिटाला घर आलं म्हणून चावी बंद करतो.

माझ्याकडे हेच झालं. पहिली दीड वर्षं गाडी बायको वापरायची, शाहूपुरीतून पोवई नाक्याजवळच्या ऑफिसला. अडीच-तीन किलोमीटर. आठव्या महिन्यात दिवा लागला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी लॅपटॉप जोडला, उभ्या गाडीचा रेस आपोआप चढला, अर्धा तास सायलेन्सरमधून भट्टीसारखी झळ येत राहिली आणि दिवा गेला. दोन महिन्यांनी परत. तिसऱ्या वेळी मीच बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं आणि पट्टीला डिझेलचा वास. जाळी तापवायला सोडलेलं जादा डिझेल पुरतं जळलं नाही की पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं झिरपून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल कमी झालं तर इंजिन बसतं हे लहानपणापासून ऐकत आलोय. ऑइल वाढलं तर काय, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. पातळ झालेलं ऑइल टर्बो आणि बेअरिंग दोन्ही खातं.

मग माझं काम शिरवळला गेलं. बायकोला स्कूटर घेतली आणि ही गाडी मी रोज खंबाटकी ओलांडून न्यायला लागलो. तेव्हापासून तो दिवा एकदाही लागलेला नाही. गाडी तीच, मिस्त्री तोच, डिझेलही त्याच पंपावरचं.

मामेभावाचं अडत दुकान मार्केट यार्डात, घरापासून फार तर तीन किलोमीटर. पोरांची शाळा त्याहून जवळ. पुण्याला महिन्यातून एकदा, तेही जमलं तर. म्हणजे माझी पहिली दीड वर्षं त्याच्या वाट्याला कायमची येणार. ४८ हजार किलोमीटरची ती गाडी आधी कुठं चालली हेही बघायला हवं. पुण्या-मुंबईला पळालेली असेल तर जाळी शाबूत असणार. डॉक्टरांनी दवाखाना ते घर एवढीच फिरवलेली असेल तर कमी किलोमीटर ही चांगली गोष्ट नाही. जाहिरातीत मात्र तेच मोठ्या अक्षरात असतं.

कासच्या रांगेत

आता दुसरी. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात, एकावर एक-तीन-पाच-सात, दुसऱ्यावर दोन-चार-सहा. पुढचा गिअर आधीच तयार असतो म्हणून बदल झटकन होतो. चालवायला झकास. पण कोरड्या प्रकारात हे क्लच नुसत्या हवेवर गार होतात. गाडी मुंगीच्या पावलानं चढावर रांगायला लागली की आतला क्लच सारखा अर्धवट घासत राहतो. मॅन्युअलमध्ये घाटात हाफ क्लचवर गाडी धरली की वास येतो आणि आपण शहाणे होतो. इथं पाय मोकळा असतो, म्हणून कळत नाही.

सप्टेंबरातला रविवार, कासला फुलं बघायला जाणाऱ्यांची रांग यवतेश्वर घाटात लागलेली. मित्राची गाडी, आत सहा माणसं, एसी चालू. पुढची गाडी दहा फूट सरकली की हा ब्रेक सोडणार, गाडी सरकणार, परत ब्रेक. मधूनच ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून चढावर गाडी तोलून धरायचा. अर्ध्या तासानं पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली आणि गाडी धक्के देत कडेला उभी राहिली. पंचवीस मिनिटं आम्ही कठड्यावर बसून कणसं खाल्ली. नंतर गाडी काही झालंच नाही अशी निघाली. सर्व्हिस सेंटरचं उत्तर : "सर, सिस्टीम स्वतःला वाचवते, नॉर्मल आहे." खोटं नाही ते. पण क्लच पॅक बदलायचं बिल ऐकलं की मॅन्युअलवाल्याचेही डोळे पांढरे होतात.

शोरूममध्ये विचारायचा प्रश्न एकच, क्लच कोरडा आहे की ऑइलमध्ये बुडालेला? ऑइलमधला उष्णता बराच सोसतो. आणि त्याच गाडीत टॉर्क कन्व्हर्टरचा (घासणाऱ्या क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोचवणारी ऑटोमॅटिक) पर्याय असेल तर मी डोळे झाकून तो घेईन. पेट्रोल थोडं जास्त पिईल, पण रांगणं आणि चढ हे त्याचं रोजचं काम आहे. सांगली सपाट आहे हे खरं. मिरज रोडच्या सिग्नलला गाडी तापायला मे महिना आणि लग्नसराई दोन्ही लागतील. मामेभावासाठी ही तक्रार डिझेलच्या दिव्यापेक्षा हलकीच.

उतारावर मात्र ऑटोमॅटिकवाल्यांनी एक सवय लावून घ्यावी. पसरणी घाट उतरताना माणसं डी मध्ये ठेवून नुसत्या ब्रेकवर येतात. खाली वाईत पोचेपर्यंत चाकांना जळका वास आणि पेडल मऊ. मग "ब्रेक खराब" अशी तक्रार. गिअर हातानं दुसऱ्या-तिसऱ्यात धरला की इंजिनच गाडी अडवतं. जुन्या डिझेलच्या बाबतीत ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा. ते हवेतलं पाणी ओढतं, तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल तळाला जातं. दोन वर्षांतून एकदा बदलायची ही वस्तू आहे, आणि बहुतेकांच्या गाडीत ती कंपनीतून आली तशीच असते.

२०२१ची आणि एमएच-१०?

मामेभावाच्या यादीत ही शंका नव्हती, आणि तो सांगलीचा! कृष्णेला २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. किती पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या हे त्यानं डोळ्यांनी बघितलंय. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. धुऊन, नवीन सीट कव्हर चढवून फिरतायत.

बुडालेली गाडी ओळखायला पॉलिशकडे बघू नका. सीट बेल्ट शेवटपर्यंत, पूर्ण बाहेर ओढा. गुंडाळीत राहिलेल्या टोकाकडे मातीची रेघ दिसली तर तिथूनच घरी या. पुढच्या सीटखाली टॉर्च मारा, रुळांना गंज आहे का ते बघा. त्याच जागी पिवळ्या रंगाचे वायरींचे जोड असतात, ते एअरबॅग आणि सीट बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचे. त्यांत चिखलाचं पाणी गेलं की आज नाही तर दोन वर्षांनी हिरवा गंज धरतो, आणि एअरबॅगचा दिवा मधूनच लागतो, मधूनच जातो. काही पठ्ठे दिवाच काढून टाकतात. म्हणून चावी फिरवल्यावर तो दिवा काही क्षण लागून विझतोय ना, हे बघायचं. मुळात लागलाच नाही तर गडबड आहे.

मागच्या रांगेत कोण बसणार

इथं मी मामेभावाशी जरा भांडलो. तो म्हणाला, नव्या गाडीला पाच स्टार आहेत, विषय संपला. गाड्या धडकवून स्टार देणारं भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं, चांगलं झालं. पण चाचणी कशी होते ते बघा. समोरून ६४च्या वेगानं अर्धवट धडक, बाजूनं ५०च्या वेगानं, आणि खांबावर २९च्या. पुढच्या दोन सीटवर मोठ्या माणसांचे पुतळे, मागे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे. तिसऱ्या रांगेत बसून कुणी धडक खात नाही. आणि मामींचे गुडघे दुखतात, त्यांना मागं चढता येत नाही. म्हणजे मागं पोरंच जाणार.

तेव्हा स्टार मान्य, पण स्वतः मागं जाऊन बसा. मी बसलो. नव्या गाडीत तिसऱ्या रांगेला खांद्यावरून येणारा पूर्ण बेल्ट आहे, डोक्याला आधार आहे, पडद्यासारखी एअरबॅग मागच्या काचेपर्यंत येते असं माहितीपुस्तिकेत लिहिलंय. डोक्यामागं डिकीची काच मात्र वीतभरच अंतरावर. जुन्या डिझेलमध्ये एअरबॅग दोनच, फक्त पुढं. दुसऱ्या रांगेच्या मधल्या सीटला नुसता कमरेचा पट्टा, आणि तिसऱ्या रांगेचे बेल्ट फोमखाली गाडले गेलेले, बकल काढायला मला दोन मिनिटं लागली. चार वर्षांत ते कुणी लावलेच नव्हते.

डिझेलचा दिवा पैशानं सुटतो. हे सुटत नाही. दोन एअरबॅगच्या गाडीत नंतर चार घालून मिळत नाहीत.

आपोआप ब्रेकची तक्रार नव्या गाडीवाल्यांत बरीच आहे. समोर दुचाकी आडवी आली की गाडी स्वतःच करकचून थांबते आणि मागचा ट्रक अंगावर येतो. टेस्ट ड्राइव्हला पेठ रोडवर आम्हालाही एकदा तसा हिसका बसला. सेटिंगमध्ये तिची संवेदनशीलता कमी करता येते. पण तिच्या भरवशावर ऊस हंगामात रात्री गाडी चालवू नका. विनालाइटची ट्रॉली, मागं लोंबणारे उसाचे शेंडे आणि वर धुकं, हे आपल्या डोळ्यांनाच उशिरा दिसतं.

टचस्क्रीन हँग होणं, डॅशबोर्डची कुरकुर, लिंक रॉडची कटकट : दोन्हीकडे सारखंच. सोडून द्या.

रिकॉल निघालं म्हणून घाबरू नका

ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्रानं १,०८,३०६ एक्सयूव्ही७०० इंजिनजवळची वायरिंग तपासायला परत बोलावल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्युंदाईनं ७,६९८ क्रेटा-व्हर्ना आणि कियानं ४,३५८ सेल्टॉस, पेट्रोल सीव्हीटी (ऑटोमॅटिकचाच एक प्रकार) गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाच्या कंट्रोलरसाठी. मामेभावाच्या वहीत यांवर लाल फुल्या होत्या. मी उलट म्हणतो. रिकॉल म्हणजे कंपनीनं दोष कबूल केला आणि फुकट दुरुस्त करून दिला. जुनी गाडी घेताना चेसिस नंबर घालून एखादं रिकॉल राहिलंय का तेवढं बघायचं. भीती त्या तक्रारीची, जिला "सगळ्याच गाड्यांना असतं" हे उत्तर मिळतं.

म्हणून सर्व्हिसला गाडी देताना जॉबकार्डावर सही करण्याआधी 'कस्टमर व्हॉइस'चा, म्हणजे आपल्या तक्रारीचा रकाना वाचा. मी सांगितलं होतं "तिसऱ्यांदा डीपीएफचा दिवा, ऑइल वाढलंय" आणि सर्व्हिस सेंटरवाल्यानं लिहिलं होतं "जनरल चेकअप". खोडून लिहायला लावलं. त्या एका ओळीवर पुढं ऑइल वॉरंटीत बदलून मिळालं. गोष्ट हाताबाहेर गेली तर ५० लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. राहत्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, मुदत दोन वर्षांची. पण तिथं तोंडी गाऱ्हाणं चालत नाही, जॉबकार्डं लागतात. २०२१ पासून मोटार वाहन कायद्याखाली सात वर्षांच्या आतल्या गाड्यांचं रिकॉल सरकारही लावू शकतं, मालकांच्या तक्रारी पुरेशा आल्या तर.

पैशाचं थोडक्यात : १८ लाखांच्या नव्या पेट्रोलवर रोड टॅक्स १२ टक्के, २ लाख १६ हजार. तीच डिझेलमध्ये असती तर १४ टक्क्यांनी २ लाख ५२ हजार. जुन्या गाडीचा टॅक्स भरलेला आहे आणि ती साडेसहा लाखांनी स्वस्त पडतेय. मामांचा जीव त्यातच अडकलाय.

माझं मत मी सांगून टाकलं. तो शिरवळला कामाला असता आणि डिझेल सहा एअरबॅगची असती तर जुनी घे म्हणालो असतो. विश्रामबाग ते मार्केट यार्डासाठी आणि मागं पोरं बसणार असतील तर नवी पेट्रोल, पण ड्युअल क्लच सोडून तिचीच मॅन्युअल. त्यात दीडेक लाख वाचतात. वहिनींना ऑटोमॅटिकच हवी आहे, कारण रोज चालवणार त्या. हा मुद्दा बिनतोड निघाला. आता टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी बघायला रविवारी मी सांगलीला जातोय. मामींनाही सोबत घेणार आहोत. पायरी किती उंच आहे हे त्याच सांगतील.