शॉपफ्लोअरवर शिकण्याच्या लिंका वाटायला टेलिग्राम चॅनेल आणि गूगल शीट : बरेच महिने वापरल्यावर

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेकडच्या शॉपमधले सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनचे) ऑपरेटर, मशीन लावून देणारे सेटर आणि क्वालिटीवाले यांच्यासाठी ही जोडी वापरात आहे. आधी हेच काम व्हॉट्सॲप ग्रुपवर चालायचं. तिथे थ्रेडिंगचा (आटे पाडण्याचा) एक चांगला व्हिडिओ आला की मागोमाग गुड मॉर्निंग, जत्रेचे फोटो, मॅचचा स्कोअर, आणि संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गाडला गेला. टेलिग्रामवर ही भानगड नाही. चॅनेलवर फक्त ॲडमिन टाकतो, नवीन पोरगा आज जोडला गेला तरी त्याला जुनं सगळं दिसतं, आणि चुकलेली पोस्ट नंतर दुरुस्त करता येते. शंका विचारायला चॅनेलला एक चर्चेचा ग्रुप जोडावा, म्हणजे मुख्य चॅनेल स्वच्छ राहतं.

पण ॲप बदलून अर्धंच काम होतं. नुसती लिंक आणि खाली 'मस्त आहे, बघा' एवढं लिहिलेली पोस्ट कोणी उघडत नाही, आणि उघडली तर कधी कधी नुकसानच होतं. जी७६ थ्रेडिंगचंच घ्या, म्हणजे लेथला आटे पाडायला सांगणारी प्रोग्रॅममधली आज्ञा. मशीन बनवणाऱ्या हास कंपनीचे यूट्यूबवरचे व्हिडिओ समजावून सांगण्यात एक नंबर, पण हासच्या लेथवर जी७६ एका ओळीत लिहितात : थ्रेडची उंची 'के'मध्ये, पहिला कट 'डी'मध्ये. आपल्याकडे बऱ्याच मशीनवर फॅनुक ०आय हा कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) आहे, तिथे जी७६ दोन ओळींत येतं. पहिल्या ओळीत पी०२००६०, म्हणजे दोन फिनिशिंग पास, चॅम्फर (थ्रेडच्या शेवटचा तिरका उतार) शून्य, कोन ६०. दुसऱ्या ओळीत एक्स, झेड (थ्रेड कुठे संपतो ते), मग उंची आणि पहिला कट मायक्रॉनमध्ये, दशांश न देता. एम२० बाय १.५ ला (२० मिमी व्यास, १.५ मिमी पिच) उंची ०.९२ मिमी, म्हणून पी९२०. तिथे पी०.९२ लिहिलं की अलार्म. मग पोस्टखाली ठरलेलं उत्तर येतं : 'हे आमच्या मशीनवर चालंना की.'

म्हणून प्रत्येक लिंकेच्या वर तीन ओळी सक्तीच्या. पहिली : कुठला विषय, कुठला कंट्रोल. दुसरी : कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत बघायचं, आणि भाषा कोणती. तिसरी : आपल्याकडे काय बदलून घ्यायचं. तिसरी ओळ लिहायला व्हिडिओ नीट बघावा लागतो, त्यामुळे उगाच फॉरवर्ड करणारे आपोआप गळतात. हा फायदा ठरवून केलेला नव्हता, पण सगळ्यात मोठा तोच.

तिसऱ्या ओळीत सगळ्यात जास्त वेळा लिहावं लागतं ते एककांबद्दल. अमेरिकन व्हिडिओत कटिंग स्पीड फूट प्रति मिनिट असतो. ६०० फूट म्हणजे १८३ मीटर. ४० मिमी व्यासाच्या जॉबवर त्याचे साधारण १,४५५ आरपीएम होतात. तोच ६०० आकडा जी९६ मध्ये (कटिंग स्पीड कायम ठेवायची आज्ञा) मीटर समजून भरला तर मशीन ४,७७५ आरपीएम गाठायला बघतं. जी५० ने आरपीएमची कमाल मर्यादा घातलेली नसेल तर इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) जळणं हे त्यातलं सगळ्यात स्वस्त नुकसान. फीडचंही तसंच, इंच प्रति रेव्होल्यूशनला २५.४ ने गुणायचं.

काय टिकलं ते सांगतो. सँडविक कोरोमंट या टूल कंपनीचं मेटल कटिंगचं ऑनलाइन शिक्षण नोंदणी करून फुकट मिळतं. इंग्रजी आहे, पण आकृत्यांवरून कळतं. एनपीटीईएलचे (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचे) व्हिडिओ शॉपफ्लोअरवाल्यांना जड जातात, डिप्लोमा झालेल्यांना उपयोगी. बघायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची तर १,००० रुपये. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात, दोन्ही वेगवेगळे. दर आठवड्याची असाइनमेंटची तारीख चुकली की ती गेली, म्हणून त्या तारखा चॅनेलवर पिन केलेल्या बऱ्या. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल साधारण दहा-दहा मिनिटांचे, मराठीत आणि कन्नडमध्येही आवाज दिलेले. कन्नड शाळेत शिकलेला आणि मराठी शाळेत शिकलेला शेजारी बसून एकच धडा करू शकतात. स्टोअर आणि क्वालिटीवाल्यांना त्यातलं लिब्रेऑफिस कॅल्क (एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर) पुरेसं आहे. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर कॅल्क, थांबवत थांबवत सोबत करायचं. नुसतं बघून काही येत नाही.

शीट कशाला? टेलिग्रामचा सर्च तुम्ही लिहिलेलं अक्षर न् अक्षर शोधतो. कोणी फॅनुक लिहितं, कोणी फानुक, कोणी फनुक. शीटमध्ये विषय आणि कंट्रोल हे रकाने ड्रॉपडाउनचे ठेवले की हा घोळ मिटतो. भर घालायची ती गूगल फॉर्ममधून, शीटची एडिट परवानगी दोघांनाच. सगळ्यांना एडिट दिलं तर कोणीतरी एकच रकाना निवडून सॉर्ट करतो आणि लिंक एकीकडे, विषय भलतीकडे. फिल्टरसुद्धा साधा लावला तर सगळ्यांनाच गाळलेलं दिसतं, म्हणून फिल्टर व्ह्यू लावायचा, त्याने बाकीच्यांच्या पडद्यावर फरक पडत नाही. 'लिंक शेवटची कधी तपासली' हा रकाना विसरू नका. यूट्यूबचे व्हिडिओ न सांगता प्रायव्हेट होतात.

तक्रारीही आहेत. टेलिग्राम आपोआप सगळं डाउनलोड करत बसतं, डेटा सेटिंगमध्ये जाऊन ते पहिल्याच दिवशी बंद करावं. जांबोटी-कणकुंबीकडून येणाऱ्यांना घरी रेंज धड मिळत नाही, त्यांनी शॉपच्या वायफायवर असतानाच यूट्यूबमध्ये डाउनलोड करून ठेवलेलं बरं. आणि हँडबुकांच्या चोरीच्या पीडीएफ. मागणी सतत होते, टाकायच्या नाहीत. तक्रार झाली तर चॅनेलच बंद होतं आणि आधीचं सगळं त्याबरोबर जातं. टूल कंपन्यांचे कॅटलॉग त्यांच्याच साइटवर फुकट असतात, ते द्यावेत.

एक काम मात्र आधीच करून ठेवा. चॅनेल काढणारा माणूस नोकरी बदलून पुण्याला गेला की चॅनेल त्याच्याच नंबरवर अडकतं. मालकी दुसऱ्याकडे द्यायची तर देणाऱ्याच्या खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन किमान ७ दिवस आधीपासून चालू असावं लागतं. निरोपाच्या दिवशी हे सुचून उपयोग नाही.