आईची माया की जनुकं?

रंकाळ्यावर भेळ खाताना काकू पुटपुटली, "आईनं जवळ घेतलं नसंल, म्हणून पोरगं बोलत नाही." वहिनी गप्प. पुतण्या भेळेतले शेंगदाणे वेचून ओळीत मांडण्यात दंग.

हे काकूच्या मनचं नव्हे. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचं, म्हणजे पुतण्याला आहे त्या स्वमग्नतेचं, वर्णन केलं. पुढं 'थंड आई'वर खापर फोडणारे डॉक्टरच होते, तेही पुराव्याविना. याउलट १९७७ चा जुळ्यांचा अभ्यास बघा: एकसारख्या, म्हणजे जनुकंही सारखीच असलेल्या, जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ मध्ये दोघांनाही ऑटिझम, वेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकीतही नाही. आता शेकडो जनुकांचा संबंध दिसतो; मेंदूची वेगळी घडण गर्भातच सुरू होते. मला जनुकांची बाजूच पटते.

काकूला हे सांगितलं. म्हणाली, "मग त्याला आणखी शेंगदाणे दे की."