मोठं खेळणं उघडायचं की छोटा हॉबी ट्रक घ्यायचा?

रिमोटचा ट्रक हवाय, पण खिशाला फार चाट बसू द्यायची नाही, असं ठरवलेल्या माणसापुढे साधारण दोन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे १:१६ मापाचा (खऱ्या ट्रकच्या एक सोळांश), चारही चाकांना जोर देणारा, डब्यातून काढला की चालू होणारा हॉबी ट्रक. दुसरी म्हणजे १:१० च्या आसपासचा, हातभर लांबीचा, खेळण्यांच्या दुकानातला प्लॅस्टिकचा ट्रक घ्यायचा, त्याचं आतलं सर्किट सरळ काढून टाकायचं आणि स्वतः रेडिओ (रिमोट आणि ट्रकमधला रिसीव्हर), ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि सर्वो (पुढची चाकं वळवणारी मोटर) बसवायचा. मी आधी पहिली वाट धरली. वर्षभर तो ट्रक मनापासून चालवला आणि मग दुसरीकडे वळलो. तुमचं कदाचित उलटं होईल, पण पैसे घालण्याआधी माझा अनुभव ऐकून घ्या.

छोट्या ट्रकचं कौतुक आधी करतो, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. पत्र्याच्या पानांच्या स्प्रिंगा, पुढे-मागे अखंड एक्सल, दोन्ही एक्सलना फिरवणारा शाफ्ट, हे सगळं तळहाताएवढ्या जागेत बसवलेलं असतं. घरात चार पुस्तकं तिरकी रचली की तो ती चढून जातो. एक पुढचं चाक वर उचललं गेलं तरी बाकीची तीन जमीन सोडत नाहीत. माझा भाचा पहिल्या दिवशी जमिनीला गाल टेकवून फक्त ती स्प्रिंग दबताना बघत बसला होता, आणि मीही त्याच्या शेजारी तसाच आडवा झालो होतो.

पण बाहेर नेला की एक गोष्ट कळते. ट्रक लहान केला तरी गवत लहान होत नाही. आमच्या सोसायटीचं लॉन माळ्याने नुकतंच कापलेलं असलं तरी त्या ट्रकच्या पोटाला लागायचं. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पायवाटेवरचा मुरूम त्याला दगडगोट्यांसारखा. पेव्हर ब्लॉकच्या फटीत पुढचं चाक अडकून थांबायचं. एवढ्याने मी ट्रक बदलला नसता. त्याला त्याच्या मापाची जागा शोधून देणं हाही छंदाचाच भाग आहे.

बदलायला लावलं ते स्टिअरिंगने.

साधारण आठव्या महिन्यात ट्रक उभा असतानाच पुढची चाकं थरथरायला लागली. हातात रिमोट नाही, कोणी काही दाबलेलं नाही, आणि चाकं आपली किर्र-किर्र करत डावी-उजवी. चालवताना सरळ जातच नव्हता. प्रत्येक वेळी थोडा उजवीकडे ओढायचा, ट्रिमचं बटण फिरवून सरळ केला की पुढच्या वळणानंतर पुन्हा डावीकडे. रात्री सगळं शांत असताना टेबलावरची ती किरकिर अक्षरशः डोक्यात जायची.

उघडून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. नेहमीच्या सर्वोला तीन वायरी असतात: प्लस, मायनस आणि सिग्नल. याला पाच होत्या. दोन मोटरच्या, तीन आतल्या पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे चाक किती वळलंय ते सांगणाऱ्या 'पॉट'च्या. म्हणजे ज्याला मी सर्वो समजत होतो ती नुसती मोटर, गिअर आणि पॉट होती. सर्वोचा मेंदू मुख्य बोर्डावर होता. त्याच बोर्डावर रिसीव्हर आणि त्याच बोर्डावर मोटरचा कंट्रोलर. पॉटमधली कार्बनची पट्टी मधोमध झिजली होती. मधेच का, हे उघड आहे. चाकं सरळ असतात तेव्हा पट्टीवरून सरकणारा काटा, वायपर, तिथेच बसलेला असतो, आणि ट्रक बहुतेक वेळ सरळच असतो.

साधा तीन वायरींचा सर्वो आणून लावू म्हटलं, तर बोर्डावर त्याला जागाच नाही. त्या सर्वोला सेकंदाला ५० वेळा एक ते दोन मिलिसेकंदाचा पल्स लागतो. दीड मिलिसेकंद म्हणजे मध्य. बहुतेक हॉबी रिसीव्हर आणि सर्वो एकमेकांशी याच पल्सने बोलतात. हा बोर्ड तो पल्स बाहेर काढतच नव्हता. मग रिसीव्हर बदला. रिसीव्हर बदलला की कंट्रोलर गेला, कारण दोघं एकाच बोर्डावर. रिसीव्हर गेला की रिमोटही गेला, तो फक्त आपल्या बोर्डाशी बोलतो. एका झिजलेल्या पट्टीपायी ट्रकचं अख्खं पोट रिकामं करायचं! तेही इतक्या अडचणीच्या जागेत, की डाग द्यायचा तर सोल्डरिंगची कांडी शेजारच्या वायरीला भाजते.

तसाच पाच वायरींचा सुटा भाग मागवायचा पर्याय होता. पण आयात खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७० टक्के, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे. मी शोधत होतो तेव्हा तो भाग एका ठिकाणी 'लवकरच येईल' होता आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ अर्ध्या ट्रकच्या किमतीला. तेव्हा मनात आलं, सगळंच काढून नवं बसवायचं असेल तर ते हात आत जाईल अशा ट्रकमध्ये का नको?

मोठा ट्रक मला जुन्या बाजारात मिळाला. पुण्यात मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि तिथे रिमोट हरवलेली मोठी खेळणी हमखास दिसतात. रिमोट नाही म्हणून ती स्वस्त असतात, आणि आपल्याला त्या रिमोटची गरजच नसते. अर्धा मीटर लांबीचा लाल पिकअप, एक आरसा तुटलेला, बॅटरीच्या कप्प्यात हिरवा गंज. विकणाऱ्याने सहाशे सांगितले, साडेतीनशेला दिला.

असं खेळणं घेताना मी काय बघतो ते सांगतो. गंजलेले टर्मिनल, गेलेलं सर्किट, फुटलेले दिवे याकडे लक्ष देऊ नका, ते सगळं जाणारच आहे. बघायचा तो गिअरबॉक्स. मागचं एक चाक घट्ट धरून दुसरं फिरवा. एखादा दात गेला असेल तर दर फेऱ्याला एकदा 'टक्' असा ठेचा हाताला लागतो. मग दोन्ही चाकं सोडून एक फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर आत डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आहे. मी खिशात दोन सेल आणि दोन क्लिपा ठेवतो, मोटरला थेट लावून बघतो. मोटर गुणगुणते पण चाक फिरत नाही, असं झालं तर बहुतेक वेळा मोटरच्या दांड्यावरचा प्लॅस्टिकचा छोटा गिअर, पिनियन, उभा चिरलेला असतो. तो पाच-दहा रुपयांचा भाग आहे, त्यासाठी ट्रक सोडू नका. पुढच्या चाकाचा नकल (चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो भाग) चिरलेला असेल तर मात्र सोडा. त्याला एरल्डाइट धरत नाही, मी दोनदा लावून पाहिलंय.

आता मोठ्या खेळण्याचा मूळ दोष. ते जसं येतं तसं चालवण्यात मोठ्या माणसाला आनंद नाही. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या खेळण्यांत टीएक्स-२ आणि आरएक्स-२ ही चिपांची जोडी सर्रास सापडते. तिला पाच हुकूम कळतात: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि टर्बो. 'जरासं डावीकडे' हे तिच्या भाषेतच नाही. वळायचं तर पूर्ण वळायचं, चालायचं तर पूर्ण वेगाने. म्हणून दुरुस्तीचा विचारही न करता ते सर्किट काढून टाकायचं.

मग जागाच जागा. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून नेहमीच्या मापाचा, धातूच्या गिअरचा एमजी ९९६ आर सर्वो आणला, ॲल्युमिनियमच्या एल पट्टीवर तीन मिलिमीटरच्या स्क्रूंनी बसवला. सर्वो आणि चाकं जोडणारा दुवा म्हणून सायकलचा स्पोक वापरला. त्याच्या टोकाला आटे असतात आणि निपल फिरवून लांबी अर्धा मिलिमीटर कमी-जास्त करता येते. चाकं सरळ करायला याहून सोपं साधन मला सापडलेलं नाही. सर्वोचा हात बसवण्याआधी रेडिओ चालू करून सर्वो मध्यावर आणा, मगच हात अडकवा.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुम्ही टाळा. खेळण्याच्या स्टिअरिंगमध्ये चाकं आपोआप सरळ करणारी एक स्प्रिंग असते. मी ती तशीच ठेवली. पहिल्याच दिवशी ट्रक वळणावर बंद पडायचा, दोन सेकंदांनी जागा व्हायचा. मला वाटलं रेंज कमी आहे. अँटेना हलवली, रिसीव्हर दुसरीकडे चिकटवला, अख्खा रविवार त्यात गेला. संध्याकाळी सर्वोला बोट लागलं तर चटका बसला. तो प्रत्येक वळणावर स्प्रिंगशी झुंजत होता. अडकलेला ९९६ सहा व्होल्टवर अडीच अँपिअर ओढतो; तेवढं ईएससीच्या बीईसीला (सर्वो-रिसीव्हरला वीज पुरवणाऱ्या भागाला) झेपत नव्हतं, व्होल्टेज पडायचं आणि रिसीव्हर झोपायचा. स्प्रिंग काढली, रेडिओवर दोन्ही बाजूंचे एंड पॉइंट, म्हणजे सर्वो कुठपर्यंत वळेल त्या मर्यादा, कमी केले, तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही.

ईएससी मी हॉबीविंगचा क्विकरन १०६० घेतला. त्याला बॅटरीचा प्रकार निवडायला एक छोटा जंपर, म्हणजे पिनांवर बसणारी टोपी, असते. लिथियम वापरणार असाल तर ती लायपोच्या (लिथियमच्या) खुणेवरच हवी, नाहीतर सेल गरजेपेक्षा खाली उतरून मरतात. खेळण्याची आठ सेलांची ९.६ व्होल्टची निकॅड टाकून दोन लिथियम सेल लावले की वेग थोडा कमी होतो. ते चांगलंच आहे, प्लॅस्टिकचे गिअर वाचतात. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेल मात्र नकोत. मोटर जागची हलताना मागते तेवढा करंट ते देऊ शकत नाहीत. मोटरचा विजेचा गोंगाट दाबायला तिच्या टर्मिनलांवर १०४ चा सिरॅमिक कपॅसिटर नसेल तर लावून घ्या. बॅटरी मागच्या एक्सलच्या वर ठेवा, ओढ त्याच चाकांची आहे.

टायर हा शेवटचा अडथळा. खेळण्याचे टायर कडक आणि पोकळ, फरशीवर नुसते घसरतात. स्कूटरच्या जुन्या ट्यूबच्या तीन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापून टायरवर ताणून चढवल्या. पंक्चरवाल्याने ट्यूब फुकट दिली. त्याने पकड इतकी सुधारली की गच्चीचा उतार, जो आधी चढत नव्हता, तो आता रिकामा ट्रक सहज चढतो.

पैशाचं बोलायचं तर मोठा ट्रक स्वस्त पडतो असं मी म्हणणार नाही. रेडिओ, ईएससी, सर्वो, सेल, चार्जर मिळून साडेपाच हजारांच्या पुढे गेलो. छोटा ट्रक तयार साडेचार हजारांना आला होता. फरक असा, की यातलं साडेतीनशेचं खेळणं सोडून बाकी सगळं उद्या दुसऱ्या कुठल्याही ट्रकमध्ये जाऊ शकतं. सर्वो गेला तर तीन वायरी काढायच्या, तीन लावायच्या.

आणि हेही मान्य करतो की मोठा ट्रक दगड चढत नाही. दोनच चाकांना जोर, वर उघडं डिफरन्शियल. एक चाक हवेत गेलं की तेच फिरत राहतं. तुमच्या मनात खडकांवरून संथ चढणारा ट्रक असेल, घर लहान असेल, सोल्डरिंग नकोसं वाटत असेल, तर छोटाच घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त घेण्याआधी तळ उघडून दाखवायला सांगा आणि सर्वोच्या वायरी मोजा. तीन असतील तर निर्धास्त घ्या. पाच असतील तर निदान एक जास्तीचा सर्वो त्याच दिवशी घेऊन ठेवा.

माझ्याकडे आज दोन्ही आहेत. छोटा शोकेसमध्ये, अजून तितकाच देखणा. मोठा गच्चीवर. रविवारी सकाळी त्याच्या हौद्यात कुंड्यांची माती भरतो, भाचा तो जिन्याच्या दारापासून तुळशीपर्यंत नेतो, आणि वळणावर पुढची चाकं त्याच्या बोटाइतकीच, हळूहळू वळतात.