ओल्या लाकडाची ‘स्पेशल’ पट्टी विकणारा दारात आला तर हे वाचून ठेवा

चोपडा, यावल, शिरपूर या पट्ट्यात आरागिरणी किंवा सुतारकामाचं छोटं बँडसॉ मशीन (चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पोलादी पट्टीने लाकूड कापणारं) चालवणाऱ्यांसाठी लिहितोय. गाडीत ब्लेडची वेटोळी भरून एक माणूस गावोगाव फिरतोय. ओल्या लाकडाची स्पेशल पट्टी, कोरा कंपनी माल, बाजारभावाच्या निम्म्यात, अशी त्याची बोली. आमच्याकडून चार पट्ट्यांचे पैसे घेऊन गेला. चारही लोखंड कापायच्या निघाल्या आणि त्यातल्या दोन तर तुकडे जोडून बनवलेल्या.

त्याची सगळी कला डेमोत आहे. आल्या आल्या म्हणाला, “भाऊ, आधी कापून बघा, पटलं तरच पैसे द्या.” असं म्हणणाऱ्यावर शंका तरी कशी घ्यायची? पट्टी त्यानेच चढवली, ताणही त्यानेच दिला. कोपऱ्यातली सागाची फळी उचलली, वाळलेली, जेमतेम इंचभर जाडीची, आणि सर्रकन कापून दाखवली. काप असा गुळगुळीत की रंधा मारायचं कामच नाही. बाहेर ओल्या बाभळीचे ओंडके पडले होते. त्यांचा विषय काढला तर त्याला एकदम पुढच्या गावाची घाई झाली.

बारीक दातांची कुठलीही पट्टी वाळक्या पातळ फळीवर छानच चालते. भुसा थोडा, तोही कोरडा, लगेच झटकला जातो. आपलं काम तसलं नसतं. खान्देशच्या उन्हात ओंडका पडून राहिला की टोकांना शेणमाती लिंपली तरी भेगा जातात, म्हणून आपण बाभूळ, निंब ओलं असतानाच चिरून घेतो. वाळवलेल्या लाकडात पाणी १२ टक्क्यांच्या आसपास, ताज्या तोडलेल्यात ३० टक्क्यांच्या वरच. हा भुसा जड, चिकट, त्यात बाभळीचा डिंक. दोन दातांमधली खाच मोठी असेल तर तो तिच्यात बसून ओंडक्याबाहेर पडतो. खाच लहान असेल तर भरते, आणि उरलेला भुसा पट्टी आणि लाकूड यांच्या मधे दाबला जातो. पट्टी तापते, ताण सैल पडतो, काप वाकडा पळायला लागतो.

आमच्याकडे अगदी असंच झालं. पहिल्याच ओंडक्यात हातभर आत गेल्यावर आवाज बदलला आणि करपल्याचा वास आला. फळी काढून बघितली तर एका टोकाला दीड इंच, मधे इंचसुद्धा नाही, पुन्हा पुढे जाड. कापावर भुशाचा लेप, वाळायला घातलेल्या पापडाच्या पिठासारखा घट्ट. पट्टीची कड निळी पडलेली. दुसरी पट्टी चढवली, ती जोडाच्या शेजारून तुटली. चाकांची झाकणं बंद होती म्हणून बरं, नाहीतर ते तुकडे कुठे गेले असते सांगता येत नाही.

त्याला फोन केला. म्हणे मशीनची चाकं एका रेषेत नाहीत. मग म्हणे ताण चुकला. शेवटी म्हणाला, “तुमची बाभूळ फार ओली आहे.” ओल्या लाकडाची म्हणूनच तर विकली होतीस ना बाबा! त्यानंतर नंबर बंद.

जळगावला पट्ट्या जोडून देणाऱ्या मिस्तरींकडे तुकडे नेले. त्यांनी चष्मा वर केला, अंगठा दातांवरून फिरवला आणि म्हणाले, “भाऊ, हाई लोखंड कापानी पट्टी शे.” मग एकेक खूण दाखवली. दातांमधलं अंतर एकसारखं नव्हतं. काही दात जवळजवळ, काही लांब, इंचात चार ते सहा. लोखंड कापायच्या पट्टीत थरथर कमी व्हावी म्हणून असे दात ठेवतात. अंगावरचा छापील मजकूर पॉलिश पेपरने घासून काढलेला, उजेडात तिरकं धरलं की घासल्याच्या आडव्या रेघा दिसतात. आणि नव्या पट्टीला जोड एकच असतो, दोन टोकं जुळवून वळं करतात तो. इथे दोन पट्ट्यांना दोन-दोन, दुसऱ्यावर काळा रंग मारलेला. जोडल्यावर ती जागा पुन्हा तापवून हळू निववावी लागते, तरच ठिसूळपणा जाऊन पोलाद नरम पडतं. ते केलेलं नव्हतं, म्हणून शेजारून तुटली.

पट्टी बायमेटल होती, म्हणजे अंग लवचिक पोलादाचं आणि दात कडक पोलादाचे, पण त्याचा दोष नाही. लाकडासाठीही चांगल्या बायमेटल पट्ट्या मिळतात. बघायचे ते दात. ओंडके चिरायच्या आडव्या मशीनवर दोन दातांच्या टोकांमधे साधारण २२ मिलिमीटर अंतर असतं. सुतारकामाच्या छोट्या मशीनवर ओलं लाकूड कापायचं तर इंचाला दोन किंवा तीन दात, त्याहून जास्त नको. दातांचा फाकही (दात डावी-उजवीकडे वाकवलेले असतात तो) जास्त हवा, म्हणजे काप पट्टीच्या जाडीपेक्षा रुंद पडतो आणि पट्टी घासत नाही. लोखंड कापायच्या पट्टीला हा फाक अगदी नावापुरता असतो. खिशातली मोजपट्टी लावली की मिनिटात कळतं. आणि डेमो घ्यायचाच तर तुमच्याच ओल्या ओंडक्यात, निदान फूटभर जाडीचा, पूर्ण लांबीचा घ्या. हा माणूस तिथेच गाडीत बसतो.

बिलाच्या नावाखाली त्याने वहीचं पान फाडून दिलंय, वर ‘वुड ब्लेड, ४ नग’. ते पान, फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद आणि पट्ट्यांचे तुकडे मी जपून ठेवलेत. गिरणी स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवत असाल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्हीही ग्राहकच आहात, धंद्यासाठी घेतलं म्हणून हात झटकता येत नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, १९१५ या हेल्पलाइनवर आधी विचारून घ्या. कुणाकडे त्याच्या गाडीचा नंबर असेल तर मला कळवा, माझी तक्रार तेवढ्यासाठी अडली आहे.