ओंडके चिरणाऱ्या चेनसॉसाठी डिजिटल टॅकोमीटर : वापरानंतरचे मत

चेनसॉला मिलिंगची चौकट जोडून ओंडक्याच्या फळ्या पाडणाऱ्याने इंजिनाचे फेरे मोजणारा हा लहानसा टॅकोमीटर अवश्य घ्यावा, असे माझे मत आहे. माझ्या आधीच्या यंत्राचा सायलेन्सर उतरवून आत पाहिले, तेव्हा पिस्टनच्या सायलेन्सरकडील बाजूवर उभे, खोल ओरखडे उमटलेले होते आणि रिंग खाचेत चिकटून बसली होती. ऑइलचे प्रमाण मी काटेकोर पाळले होते; चुकली होती ती पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची सेटिंग, जी मी केवळ कानावर विसंबून केली होती.

फांद्या तोडताना रेस काही क्षण दिली की पुन्हा सोडली जाते, ओंडका लांबीत चिरताना मात्र इंजिन कित्येक मिनिटे सलग फुल रेसवर, पूर्ण भाराखाली राहते. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच आत येत असल्यामुळे, मिश्रणात पेट्रोल कमी पडले की उष्णता वाढते आणि नेमके त्याच वेळी वंगणही घटते.

मीटरची वायर प्लगच्या केबलभोवती गुंडाळायची आणि एका फेऱ्याला एक ठिणगी, हे सेटिंग निवडायचे. ते चुकले तर आकडा निम्मा किंवा दुप्पट दिसतो. इंजिन गरम, फिल्टर स्वच्छ, बार आणि धारदार साखळी चढवलेली, अशा स्थितीत दोन-तीन सेकंदच फुल रेस देऊन आकडा वाचावा. माझ्या यंत्राची कमाल मर्यादा 13,500 आरपीएम आहे. मिलिंगसाठी मी हाय-स्पीडचा स्क्रू (फुल रेसवर किती पेट्रोल जावे हे ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू) थोडा उलटा फिरवून, म्हणजे पेट्रोल वाढवून, फुल रेसचा आकडा 12,700 च्या आसपास आणतो. मग भाराशिवाय आवाज किंचित फाटका येतो आणि साखळी लाकडात शिरताच तो स्वच्छ होतो.

या मीटरचा खरा उपयोग मला लिमिटर (फेरे हद्दीबाहेर जाऊ न देणारी सोय) असलेल्या इग्निशन कॉइलवर कळला. लिमिटर ठिणगी तोडू लागला की निघणारा अडखळता आवाज जादा पेट्रोलच्या आवाजासारखाच वाटतो, त्यामुळे कानाने सेटिंग करणारा स्क्रू आणखी आवळतो आणि मिश्रणातले पेट्रोल अधिकच कमी करतो. मीटरवर मात्र आकडा लिमिटरच्या हद्दीत उड्या मारताना दिसतो, आणि तो हद्दीच्या खाली येऊन स्थिरावेपर्यंत स्क्रू सैल करायचा हे लगेच समजते.

उणिवाही आहेत. हे उपकरण तापमान सांगत नाही, सिलिंडरच्या पंखांत अडकलेला भुसा दाखवत नाही आणि साखळी बोथट झाली असेल तर तिच्यासाठी कानसच हाती घ्यावी लागते. उन्हात आकडे फिके दिसतात. ज्या यंत्रांचे मिश्रण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आपोआप जुळते, त्यांत फिरवायला स्क्रूच नसल्याने तेथे याचा उपयोग मर्यादित आहे.

फळी पूर्ण चिरून झाली की मी यंत्र लगेच बंद न करता मिनिटभर मंद गतीवर चालू ठेवतो, म्हणजे फ्लायव्हीलच्या हवेने सिलिंडर निवतो, आणि तेवढ्यात मीटरकडे पाहतो. आकडा 2,700 च्या आसपास टिकला तर पुढची फळी घेतो. रेस सोडूनही तो वर रेंगाळत राहिला, तर कुठून तरी जादा हवा शिरते आहे असे धरून इनटेकचे रबर आणि क्रँकचे सील तपासेपर्यंत यंत्र लाकडाला लावत नाही.