लिबरऑफिस कॅल्क: कंत्राटी शिक्षकांच्या पगाराची बोलणी करताना कितपत कामाचे?

गोव्यात अनुदानित शाळेचा पगार पर्वरीहून, म्हणजे शिक्षण संचालनालयातून, मंजूर होतो, त्यात व्यवस्थापनाला फारसे हलवता येत नाही. खरी ओढाताण असते ती व्यवस्थापनाच्या किंवा पालक-शिक्षक संघाच्या पैशांवर नेमलेल्या शिक्षकांच्या बाबतीत. फोंडा, डिचोली, पेडणे, कुठेही बघा. बैठकीत एक बाजू म्हणते "तीन हजार वाढवा", दुसरी म्हणते "झेपत नाही", आणि आकडे कोणाकडेच मांडलेले नसतात. ते मांडायला फुकटात मिळणारे, एक्सेलसारखे लिबरऑफिस कॅल्क पुरते का, एवढाच या परीक्षणाचा विषय. हिशोबाची वही म्हणून ते वापरू नये, तिथे टॅलीच बरे.

मांडणी अशी करावी. पहिल्या पानावर फक्त दर: मासिक पगार, शिक्षकांची संख्या, कराराचे महिने, भविष्यनिर्वाह निधीची मर्यादा, ग्रॅच्युइटीचा (नोकरी सोडताना द्यायच्या रकमेचा) गुणक. दुसऱ्या पानावर सूत्रे, आणि सूत्रात एकही आकडा हाताने लिहायचा नाही. समजा सहा शिक्षक, प्रत्येकी २२,०००. शाळेला निधीचा कायदा लागू असेल (२० किंवा अधिक कर्मचारी) आणि वर्गणी १५,००० च्या मर्यादेवर भरली जात असेल, तर शाळेचा वाटा १२ टक्के म्हणजे १,८००, शिवाय प्रशासन खर्च आणि विमा अर्धा-अर्धा टक्का, म्हणजे १५०. दरडोई २३,९५० झाले. बारा महिन्यांचा करार असेल तर वर्षाला १७,२४,४००, दहा महिन्यांचा असेल तर १४,३७,०००. मधले २,८७,४०० हीच बैठकीतली खरी रक्कम. शिक्षकांनी मागितलेली तीन हजारांची वाढ बारा महिन्यांना २,१६,००० होते, म्हणजे मे महिन्यासकट दोन महिने कापून व्यवस्थापन जेवढे वाचवते त्याहून कमीच. हे दोन आकडे शेजारी-शेजारी आले की बोलण्याचा सूर बदलतो. २०२५ पासून गोव्यात सहावीपासूनचे बहुतेक वर्ग एप्रिलमध्येच सुरू होतात, तेव्हा "जून ते मार्च" असा जुना करार नुसती तारीख बदलून वापरला तर पहिल्या दोन महिन्यांचा पगार कोणी द्यायचा हा प्रश्न उभा राहतो. महिन्यांचा आकडा दरांच्या पानावर स्वतंत्र ठेवायचा तो याचसाठी.

कॅल्कचे सगळ्यात उपयोगी हत्यार टूल्स मेन्यूतले गोल सीक. ते उलटा हिशोब करते: वर्षाला १८,५०,००० एवढेच देता येतात, तर महिना किती देता येईल? सूत्राचा सेल एकूण खर्चाचा, लक्ष्य १८५००००, बदलायचा सेल मासिक पगाराचा. बारा महिन्यांवर उत्तर येते २३,७४४. आता ग्रॅच्युइटीची ओळ जोडा. पंधरा भागिले सव्वीस, म्हणजे वर्षाला एका पगाराचा ५७.७ टक्के, दरमहा साधारण ४.८ टक्के. तेच गोल सीक आता २२,६५५ सांगते. एक ओळ विसरली तर दरडोई १,०८९ रुपयांचा फरक! बहुतेक शाळांच्या अंदाजपत्रकात ही ओळ नसतेच, आणि पाच वर्षांनी कोणी सोडून गेले की धावाधाव होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तर मुदतीच्या नेमणुकीला पाच वर्षांची अट राहिलेली नाही, एक वर्ष पुरते. दरवर्षी नवा करार करून ग्रॅच्युइटी चुकते, या समजावर आता कोणी राहू नये.

गोल सीक अडखळते कुठे? बदलायच्या सेलमध्ये सूत्र असेल तर चालत नाही, तिथे साधा आकडाच हवा. लक्ष्याच्या जागी दुसऱ्या सेलचा पत्ताही चालत नाही, रक्कम टाइप करावी लागते. आणि सूत्रात राउंड असेल तर अनेकदा "जमले नाही, जवळची किंमत घालू का" असे विचारते, कारण गोलाकार केलेला आकडा पायऱ्या-पायऱ्यांनी उडतो आणि त्याला मधली वाट सापडत नाही. गोलाकार करणे शेवटच्या ओळीला ठेवा.

राउंडची खरी गरज वेतनश्रेणीत. सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ७ ची सुरुवात ४४,९००. तीन टक्क्यांची वाढ शंभराच्या पटीत गोलाकार केली की ४६,२००, ४७,६००, ४९,००० अशी अधिकृत तक्त्याशी जुळत जाते. राउंडच्या सूत्रात दशांशस्थळांची संख्या म्हणून उणे दोन लिहायचे, बस. न गोलाकारता ओढत नेले तर पहिल्याच वर्षी ४६,२४७ येतात आणि तिथून पुढे प्रत्येक आकडा चुकतो.

ज्या विनाअनुदानित शाळेने "सरकारी श्रेणीप्रमाणे" असा शब्द करारात घातला आहे, तिने महागाई भत्त्याचा दर कुठल्याही परिस्थितीत स्वतंत्र सेलमध्ये ठेवावा. केंद्राचा दर १ जानेवारी २०२५ पासून ५५ आणि त्याच वर्षी १ जुलैपासून ५८ टक्के झाला. मूळ वेतन ५२,००० असेल तर या एका उडीने महिना १,५६० वाढले. जुलैत फी ठरून गेलेली असते, घोषणा मागाहून येते, आणि थकबाकीची मागणी येते नेमकी दिवाळीच्या सुमारास. थकबाकीसाठी महिन्यांची वेगळी ओळ हवी.

टूल्समधलेच सिनॅरिओज दिसायला छान. व्यवस्थापनाचा प्रस्ताव, शिक्षकांचा प्रस्ताव, तडजोड, असे तीन पर्याय एका यादीतून पालटता येतात. पण "कॉपी बॅक" ही खूण चालू राहिली तर कोणी सहज सेल बदलला की तो बदल थेट त्या प्रस्तावातच लिहिला जातो. मूळ प्रस्ताव काय होता यावरून मग वाद. खूण काढून टाका, किंवा सरळ तीन पाने करा. आम्ही तीन पानांच्या बाजूने.

कार्यालयातून आलेल्या फायलींत आकडे मजकूर म्हणून साठवलेले असतात, बेरीज त्यांना निमूटपणे वगळते आणि एकूण कमी दिसते. कंट्रोल + एफ८ दाबले की आकडे निळे, सूत्रे हिरवी, मजकूर काळा होतो. काळा आकडा दिसला की तो दोषी. डेटा मेन्यूतल्या टेक्स्ट टू कॉलम्सने तो सुधारतो. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधली नावे मात्र कॅल्क सुधारून देत नाही, ती वेगळ्या रूपांतरकाने बदलून घ्यावी किंवा पुन्हा टाइप करावी लागतात.

गूगल शीट्सवर दोन्ही बाजूंना एकाच वेळी बसता येते, बदलांचा इतिहासही राहतो, पण गोल सीक मुळात नाही, बाहेरून जोडावे लागते. एक्सेल हाताशी असेल तर कॅल्ककडे वळण्याचे कारण नाही. नसेल तर फक्त यासाठी विकत घेऊ नये. कार्यालयात अजून विंडोज ७ असेल तर लिबरऑफिसची २५.८ किंवा त्यापुढची आवृत्ती त्यावर चालत नाही, आधीची घ्या. आणि पगाराची फाइल सेव्ह करताना पासवर्डची खूण करा. नुसते पान "प्रोटेक्ट" केल्याने सूत्रे बदलत नाहीत एवढेच, पगार कोणालाही वाचता येतात.